पंक्चरचा हेवा

लोथार मायलेच्या गाडीचं पंक्चर झालं, ही बातमी आल्विन हेगेलेला खरं तर आवडायला हवी होती. शेजाऱ्याच्या नव्याकोऱ्या गाडीत खिळा घुसावा, याहून निर्मळ आनंद नोकरदार माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. पण मेलं ते पंक्चरही लोथारचं होतं, म्हणजे चारचौघांसारखं असणारच नव्हतं.

सप्टेंबरातला शनिवार होता. घरमालकीण बॉपबाईंनी बागेत प्लमचा केक कापला होता आणि तिन्ही मजल्यांची माणसं जमली होती. वरच्या मजल्यावर बॉपबाई, मधल्या मजल्यावर आल्विन आणि त्याची बायको इर्मेला, खालच्या मजल्यावर लोथार, एकटा, घटस्फोटित आणि तुकतुकीत. लोथार उशिरा आला. केकचा तुकडा घेतला, वर साय घेतली, आणि सगळे गप्प झाल्याची खात्री करून म्हणाला, "आज टायरची हवा गेली. साफ शून्य."

"अरे देवा! मग?" इर्मेला म्हणाली.

"मग काय? आलो घरी. गाडीत घंटा वाजली, दिवा लागला, म्हटलं लागू दे. या टायरच्या कडाच एवढ्या दणकट असतात की हवा गेली तरी टायर बसत नाही. ऐंशीच्या वेगानं ऐंशी किलोमीटर. हवेशिवाय!"

"अय्या!" इर्मेला म्हणाली.

आता या 'अय्या'बद्दल थोडं सांगायला हवं. आल्विन जिल्हा कचेरीत जमीनमोजणी खात्यात होता. त्यानं एकदा दोन गावांमधला तीन पिढ्यांचा बांधाचा तंटा मिटवला होता. त्यावर इर्मेला म्हणाली होती, "बरं झालं, हात धू." 'अय्या' म्हणाली नव्हती. आणि इथे हा माणूस खिळ्यावरून गाडी घालतो काय, आणि 'अय्या' घेऊन जातो काय!

शिवाय दुसरं दुखणं होतंच. इर्मेला आणि लोथार दोघंही गावच्या गायनमंडळात होते आणि मंडळात सगळे एकमेकांना 'तू' म्हणत. आल्विन आणि लोथार मात्र नुसते शेजारी, म्हणून 'तुम्ही'. जिन्यात भेट झाली की लोथार म्हणायचा, "काय हेगेले, कसे आहात तुम्ही? आणि इर्मेला, तू आज वरचा सूर काय लावलास गं!" एकाच जिन्यात, एकाच दमात. माणसाला हेवा वाटायला आणखी काय लागतं?

आल्विनला गाता येत नव्हतं. लग्नानंतर हौसेनं तो मंडळात गेला होता, तेव्हा केसलरमास्तरांनी पहिल्या महिन्यात त्याला मागच्या रांगेत नेलं, दुसऱ्या महिन्यात नुसतं तोंड हलवायला सांगितलं आणि तिसऱ्या महिन्यात खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्हाला गाडी चालवता येते ना?" तेव्हापासून तो मंडळाचा सारथी. इर्मेला त्याच्या शेजारच्या सीटवर बसून घसा गरम करायची, तो सुरात नसलेल्या माणसाच्या निष्ठेनं गिअर बदलायचा. बायकोच्या त्या सगळ्या सुरेल जगात आल्विनची जागा म्हणाल तर तेवढीच, स्टिअरिंगमागची.

आणि केकच्या दुसऱ्या तुकड्याबरोबर केसलरमास्तर (तेही आले होते, केक असला की ते येतच) म्हणाले, "मग डिसेंबरात बीबेराखच्या स्पर्धेला बायकांना लोथारच नेईल. बर्फातला रस्ता. पंक्चर झालं तरी पोचतील म्हणजे झालं. हेगेले, तुम्ही गाण्याच्या वह्यांचे स्टँड आणि बटाट्याचं सॅलड आणा मागून."

सॅलड! आल्विननं इर्मेलाकडे पाहिलं. वाटलं, आता ती म्हणेल, छे, मी माझ्या नवऱ्याबरोबरच जाणार. इर्मेला म्हणाली, "बटाटे किती लागतील?"

त्या आठवड्यात झाडलोटीची पाटी आल्विनच्या दारावर होती. आमच्या स्वाबियात, जर्मनीच्या या दक्षिण कोपऱ्यात, माणूस एक वेळ देवाला चुकवील, पण दारावरच्या त्या पाटीला चुकवणार नाही. जिना, तळघर, दारापुढचा रस्ता, सगळं ज्याची पाटी त्यानं झाडायचं. आल्विननं रस्ता झाडायला घेतला आणि लोथारच्या गाडीपाशी येऊन झाडू अडकल्यासारखा थांबला. टायरच्या अंगावर लिहिलं होतं: 225/45 R 17 94 W. त्यानं तिथे इतका वेळ झाडलं की बॉपबाई वरून ओरडल्या, "हेगेले, डांबर निघेल हो!"

मग तो आपल्या जुन्या गाडीपाशी आला. 205/55 R 16 91 H.

टायरची रुंदी: त्याची जास्त. चाकाचा व्यास: त्याचा जास्त. वजन पेलायचा आकडा: त्याचा जास्त. वेगाचं अक्षर: त्याचं W, म्हणजे दोनशे सत्तरपर्यंत चालेल, आपलं H, म्हणजे दोनशे दहा. फक्त मधला एक आकडा आल्विनचा मोठा होता, पंचेचाळीसला पंचावन्न. तो तसाच झाडू घेऊन वर गेला.

"इर्मेला, एका बाबतीत आपला टायर त्याच्यापेक्षा भारी आहे."

"कोणत्या?"

"पंचावन्न! रुंदीच्या मानानं टायरची उंची. आपली पंचावन्न टक्के, त्याची पंचेचाळीसच."

"म्हणजे आपला टायर फुगीर आहे," इर्मेला बटाटा सोलत म्हणाली. "लोथार सांगत होता, बुटका टायर वळणावर चांगला बसतो म्हणून."

आल्विन जेवला नाही. म्हणजे जेवला, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

त्यानं ठरवलं. तसलेच टायर आणायचे, आणि हिवाळ्याचे आणायचे. हेव्याचं असं असतं की तो आधी डोळे घेतो आणि मग पाकीट.

टायरवाल्या बाईंनी त्याची गाडी पाहिली आणि सरळ हात झटकले. "तुमच्या गाडीत हवा गेल्याचं सांगणारी यंत्रणाच नाही. या टायरची हवा गेली तरी हाताला कळत नाही. तुम्ही आपले एकशे वीसनं हाकत राहाल आणि तो आतून भुगा होईल. मी नाही विकायची."

"मी रोज हवा मोजीन."

"सगळे तसंच म्हणतात."

"बरं, मग निदान ते स्टिकर तरी द्या. दोनशे दहाचं."

हे स्टिकर म्हणजे आणखी एक ठसठसणारी जागा. गाडीचा वेग हिवाळी टायरच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर चालकाच्या डोळ्यांपुढे ती मर्यादा चिकटवावी लागते. लोथारच्या काचेखाली येत्या हिवाळ्यासाठीचं '210' आधीच चिकटलं होतं आणि त्याचा अर्थ सगळी गल्ली एकच लावत होती, की ही गाडी त्याहून जोरात जाते, बिचारीला आवरावं लागतं.

"तुमची गाडी दोनशे दहानं जायला कड्यावरून ढकलावी लागेल," बाई म्हणाल्या. पण स्टिकर दिलं. आल्विननं ते स्वतःच्या काचेखाली चिकटवलं. इर्मेलानं पहिल्याच दिवशी विचारलं, "हे वजन आहे का रे?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. बॉपबाई म्हणाल्या, आमचे हे टायरमध्ये पेंढा भरायचे, हवेच्या नादाला लागायचेच नाहीत. मंडळातला खर्जातला ग्रूबर म्हणाला, टायरात दूध ओत, भोक आपोआप बुजतं. कचेरीतल्या साहेबांनी तर बदलीचाच अर्ज सुचवला, सपाट प्रदेशात. शेवटी स्थानिक पेपरात छोटी जाहिरात दिसली. शेजारच्या गावातल्या एका विधवेला नवऱ्याचे हिवाळी टायर काढायचे होते, हवा गेली तरी चालणारे, काळ्या लोखंडी चाकांसकट, आल्विनच्याच मापाचे.

आल्विननं गुडघे टेकून एकेक टायर वाचला. डोंगरात हिमकण कोरलेलं चित्र होतं, म्हणजे खरा हिवाळी. हवेविना धावण्याची खूण होती. आणि छोट्या चौकटीत चार आकडे, 4119. एकोणीस सालच्या एकेचाळिसाव्या आठवड्यात बनलेला. आल्विन थबकला. इर्मेलाशी त्याचं लग्न एकेचाळिसाव्याच आठवड्यात झालं होतं. साल वेगळं, पण आठवडा तोच. त्याला वाटलं, हा शकुनच आहे. घासाघीस न करता त्यानं टायर घेतले. स्वाबियन माणूस घासाघीस करत नाही, तेव्हा तो एक तर आजारी असतो किंवा प्रेमात.

टायर तळघरात आले. कोपऱ्यात लोथारच्या हिवाळी चाकांची चळत आधीच होती, तशीच काळी, त्याच मापाची, कारण दोघांच्या गाड्या एकाच कारखान्याच्या होत्या, फरक काय तो पंधरा वर्षांचा.

"हिवाळ्याचे तुमचेही तसलेच?" आल्विननं शक्य तितक्या बेफिकिरीनं विचारलं.

"म्हणजे काय! दुसरे घेतो होय मी?" लोथार म्हणाला. "यंदाच घेतले नवे. हेगेले, सुरक्षेच्या बाबतीत मी काटकसर करत नाही."

तेवढ्यात बॉपबाई काठी टेकत उतरल्या. "टायरांखालची धूळ कोण काढणार? पाटी कुणाच्या दारावर आहे?"

पाटी पुन्हा आल्विनच्याच दारावर होती. त्यानं दोन्ही चळती हलवल्या, खाली झाडलं, पुसलं आणि पुन्हा रचल्या. हे सगळं चालू असताना लोथार तिथेच उभा राहून चाकाचे बोल्ट आवळायची आपली नवी चावी दाखवत होता. हवा तेवढा जोर लागला की ती 'कट्' असा आवाज करायची. आल्विनकडे साधी पाना-चावी होती, तिला आवाज नव्हता. त्या 'कट्'नं त्याच्या काळजाचे किती तुकडे केले ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ऑक्टोबरात अंगणात दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून चाकं बदलली. इकडे कट्, तिकडे कण्हणं. आल्विनची नजर त्या चावीवरून हटत नव्हती.

आणि आता खरी गंमत. टायर तर लागले, पण ते चालतात कसे हे जगाला दाखवायचं तर पंक्चर हवं! हवा असताना सगळेच टायर चालतात, त्यात काय मोठेपणा? चांगल्या घरची माणसं पंक्चर होऊ नये म्हणून जपतात. आल्विन हेगेले रोज संध्याकाळी नव्या बांधकामाच्या रस्त्यानं घरी येऊ लागला. सुताराच्या कारखान्यापाशी तो गाडी मुद्दाम कडेनं घ्यायचा. एकदा खिळा लागला असं वाटून तो उत्साहानं खाली उतरला. खिळा लागला होता खरा, त्याच्या बुटाच्या तळव्याला, उतरल्यावर.

"हल्ली तू सिमेंटनं माखून का येतोस?" इर्मेलानं विचारलं.

"मोजणी असते."

"रोज?"

रोजची हवा मोजणी दोन दिवस चालली, मग खोकल्यामुळे बंद पडली. रस्त्यावर मिठाचा मारा सुरू झाला, चाकांवर चिखलाची साल चढली, अक्षरं बुजली. आल्विनचं पंक्चर काही येईना. इर्मेला संध्याकाळी खालच्या मजल्यावर लोथारबरोबर सराव करायची आणि वरच्या खोलीत आल्विन फरशीतून येणारा तो सुरेल आवाज ऐकत, जणू मुद्दाम, बेसूर नाक शिंकरायचा.

स्पर्धेचा दिवस उजाडला. लोथारच्या गाडीत पुढे केसलरमास्तर, मागे इर्मेला, धिप्पाड ग्श्विंडबाई आणि बारीक आवाजाची लीस. मागून आल्विन, स्टँडनी भरलेली गाडी आणि शेजारच्या सीटवर, इर्मेलाच्या सीटवर, पट्टा लावून ठेवलेलं सॅलडचं भांडं. पुढच्या काचेतून त्याला इर्मेलाच्या टोपीचा लाल गोंडा हलताना दिसायचा. ती हसत होती. लोथार काहीतरी सांगत असणार, आणि त्या गाडीत 'अय्या' म्हटलं जात असणार. आल्विननं सॅलडकडे असं पाहिलं की सॅलडलाच अपराधी वाटावं.

बीबेराख तीस-बत्तीस किलोमीटर राहिलं होतं. चढावर, बर्फ भुरभुरत असताना, लोथारची गाडी एकदम कडेला थांबली. आल्विनही थांबला.

"घंटा वाजली!" ग्श्विंडबाई खिडकीतून आनंदानं ओरडल्या. "मागच्या टायरची हवा गेली! आता आपण हवेशिवाय जाणार!"

सगळी गाडी खुशीत होती. फक्त लोथार खुशीत नव्हता. तो बाहेर येऊन उभा होता आणि त्याचा तुकतुकीत चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता.

"चल ना रे लोथार," मास्तर म्हणाले. "ऐंशी किलोमीटर चालतं म्हणालास ना? इथे तीसच आहेत."

"हो, पण... थंडीत जरा... बर्फात कसं असतं..." लोथार म्हणाला आणि आल्विनला बाहीनं धरून गाडीच्या मागे घेऊन गेला. "हेगेले. कुणाला सांगू नका. हिवाळ्याचे टायर साधे आहेत माझे. त्या दुकानात तसल्यांची किंमत ऐकली आणि... उन्हाळ्याचे होते ते खरे. हे असेच चालवले तर रिंगवर जाऊ आपण. मी काय सांगू यांना?" त्यानं ओठ चावला. मग एकदम म्हणाला, "आल्विन, आपण आता एकमेकांना 'तू' म्हणायला काय हरकत आहे?"

किती वर्षं आल्विन या क्षणाची वाट पाहत होता! आत्ता ओरडलं की झालं. ऐका हो ऐका, लोथार मायलेचे टायर साधे! त्याच्या छातीत ते वाक्य उकळी फुटल्यासारखं वर आलं. पण ते म्हणण्याआधी शत्रूचा पडलेला चेहरा, म्हणजे टायर, नीट पाहून घ्यावा म्हणून तो गुडघ्यांवर बसला. लग्नातली विजार होती. त्यानं हातानं बर्फ आणि चिखल पुसला.

टायर बसला नव्हता. जरासा फुगल्यासारखा, पण ताठ उभा होता. आणि पुसलेल्या जागी हवेविना धावण्याची खूण होती. आणि छोट्या चौकटीत, 4119.

आल्विननं तो आकडा बोटानं पुन्हा पुन्हा पुसून पाहिला. तळघर, दोन चळती, झाडू, 'कट्'. हळूहळू सगळं उलगडत गेलं. ऑक्टोबरापासून तो लोथारच्या साध्या टायरवर खिळे शोधत हिंडला होता आणि त्याचे एकेचाळिसाव्या आठवड्याचे टायर इर्मेलाला घेऊन लोथारच्या गाडीखाली फिरत होते. आणि शेवटी पंक्चर झालं तेव्हाही ते लोथारलाच मिळालं!

तो उठला. "चालेल ही गाडी," तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" लोथार कुजबुजला.

"मी सांगतो ना, चालेल. पण भरलेल्या गाडीला ऐंशीनं नाही, पन्नासनं जायचं. खड्डा चुकवायचा, कचकन ब्रेक मारायचा नाही. आणि वजन कमी करायला हवं. एकानं उतरायचं."

सगळ्यांच्या नजरा आपोआप ग्श्विंडबाईंकडे गेल्या. ग्श्विंडबाईंनी आल्विनकडे पाहिलं. आल्विननं आभाळाकडे पाहिलं. त्या गाडीत कुणी श्वासही घेईना, वजन वाढेल म्हणून असेल.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि इर्मेला उतरली. सगळ्यांत हलकी तीच होती. हिशोबानं पाहिलं तर तिच्या उतरण्यानं काडीचा फरक पडत नव्हता.

"मी येते आल्विनबरोबर," ती म्हणाली. "बर्फात गुडघे टेकून बसलाय केव्हाचा. त्या लोथारनं वाकून टायर पाहिला तरी का?"

लोथारची गाडी पन्नासनं पुढे निघाली, घाबरत घाबरत, आणि आल्विन मागून. इर्मेलानं सॅलडचं भांडं मांडीवर घेतलं होतं. दोन वळणं गेल्यावर आल्विननं सगळं सांगून टाकलं, चळती, झाडू, 4119, सगळं. इर्मेला इतकी हसली की बटाटे भांड्यात उड्या मारायला लागले.

"म्हणजे तो मिरवतोय ते टायर तुझे? मग तिथेच का नाही सांगितलंस, बावळटा?"

आल्विननं गिअर बदलला. "सांगितलं असतं तर तू इकडे कशाला आली असतीस? सुरक्षित टायर तिकडे आहेत. हे त्याचे, साधे."

इर्मेलानं मांडीवरचं भांडं सावरलं. "मी काय टायरवर बसून येते होय रे? मी सीटवर बसते. या सीटवर. सप्टेंबरपासून वाट बघतेय, हा माणूस कधी म्हणेल की सॅलड लोथारला दे आणि बायको मला दे. तू आपला टायर मोजत बसलास."

 आल्विननं रस्त्यावर डोळे लावले, कारण जन्मात पहिल्यांदा त्याला पंक्चरची भीती वाटत होती. शेजारी इर्मेलानं घसा गरम करायला सुरुवात केली.

मंडळ तिसरं आलं. नंतर जेवणाच्या वेळी लोथारचा रंग परत आला होता. गाडी पोचली होती, कशी ते त्याला कळलं नव्हतं, पण न कळलेल्या गोष्टीचं श्रेय घ्यायला त्याला कधीच अडचण पडली नव्हती. "म्हटलं ना, हवेशिवाय!" तो ग्लास उंचावून म्हणाला. "मायलेचे टायर आहेत!"

"लोथार," इर्मेला गोड आवाजात म्हणाली, "तुझ्या टायरवर आठवडा कुठला लिहिलाय रे?"

"आठवडा?"

"बनल्याचा आठवडा. सुरक्षेच्या बाबतीत काटकसर न करणाऱ्याला पाठ असतो."

लोथारनं मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी मोहरीकडे.

"एकेचाळिसावा," सॅलडच्या भांड्यामागून आल्विन म्हणाला. "साल एकोणीस. जाऊन बघा हवं तर."

ग्रूबर खरंच जाऊन बघून आला. "एकेचाळिसावा," तो खर्जात म्हणाला. "हेगेले, तुला कसं रे ठाऊक?"

"आमच्या लग्नाचा आठवडा आहे," इर्मेला म्हणाली. "विसरला तर घरात घेणार नाही मी. टायर त्याचे आहेत. तळघर झाडताना त्यानं चळती बदलल्या आणि लोथारला स्वतःचे ओळखू आले नाहीत." मग ती ग्श्विंडबाईंकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "तुम्हा सगळ्यांना हवेशिवाय आणलं ते माझ्या नवऱ्यानं, अय्या!"

पुढचं थोडक्यात. चाकं ज्याची त्याला गेली. पण असला टायर एकदा हवेशिवाय धावला की पुन्हा दुरुस्त करत नाहीत, आतून झिजलेला असतो. टायरवाल्या बाईंनी तो आल्विनला परत दिला, उरलेले तीन विकत घेतले आणि साधे चार गळ्यात मारले. '210'चं स्टिकर इर्मेलानं खरवडून काढलं.

त्या धारातीर्थी पडलेल्या टायरमध्ये माती भरून वसंतात इर्मेलानं लाल जिरेनियम लावलं आणि तो दारापुढे, रस्त्याच्या कडेला ठेवला, आकडे बाहेर दिसतील असा. बॉपबाईंनी कुरकुर केली, पण फुलांपुढे त्यांचं चाललं नाही.

आता झाडलोटीची पाटी लोथारच्या दारावर लागली की आल्विन मधल्या मजल्यावरच्या खिडकीत कॉफी घेऊन बसतो. लोथार जिना झाडतो, पायरी झाडतो आणि झाडता झाडता टायरपाशी येतो. तिथे त्याला फार वेळ लागतो.

मग आल्विन खिडकी उघडतो आणि प्रेमानं म्हणतो, "मायले, डांबर निघेल हो!"